तोफगोळ्याचा हिशेब कोण तपासतो? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी आयुध निर्माणीतल्या मार्चअखेरीबद्दल लिहिलं होतं. माल शेडमध्येच पडून असतो, पण वर्षाचं टार्गेट पुरं झालेलं दिसावं म्हणून इशू व्हाउचर, म्हणजे माल दिल्याची पावती, ३१ तारखेलाच फाडलं जातं. ही माझी कानगोष्ट नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, निर्माण्यांवरच्या अहवालांत यावर बोट ठेवलेलं आहे. माझी नोकरी अशाच एका फॅक्टरीच्या लेखा कार्यालयात वॉरंट, म्हणजे कारखान्यातल्या कामाचे हुकूम, तपासण्यात गेली, म्हणून लिहिता लिहिता जरा तपशिलात शिरलो. त्यावर पत्रांचा पाऊस पडला. तेव्हा फेरफार, वारसनोंद आणि पीकविम्याचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : आमचं गाव पुलगावच्या मिलिटरीच्या दारूगोळा डेपोजवळ हाय. २०१६ ची आग आमी गच्चीवरून पाह्यली. २०१८ ले सोनेगावले आमच्यातलेच मजूर गेले. कोणाले विचारलं तं म्हणते, मिलिटरीचा मामला हाय, गुप्त हाय. खासदारानं संसदेत विचारलं तं सरकार सांगते का, का तिथंबी गुप्तच?
– एक शेतकरी, देवळी तालुका

भाऊ, तुमचं पत्र मी सगळ्यात वर ठेवलं. ३०-३१ मे २०१६ च्या रात्रीची आग विझवताना अधिकारी आणि अग्निशमन दलाचे जवान मिळून डझनाहून अधिक माणसं गेली. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीजवळ मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या जागेवर स्फोट झाला, त्यात सहा जण गेले. तिथं रोजीवर जाणारे आजूबाजूच्या गावांतलेच मजूर होते, हे तुम्हाला मी काय सांगू?

आता गुप्त काय अन् उघड काय, ते पाहू. कोणत्या शेडमध्ये कोणता गोळा किती ठेवला आहे, हे कोणी सांगणार नाही आणि सांगूही नये. पण रोजंदारीचा मजूर कोणत्या ठेकेदारामार्फत आला, त्याचा विमा होता का, स्फोटकं हाताळायचं शिक्षण त्याला कोणी दिलं, चौकशी झाली तर तिच्या शिफारशींपैकी किती अंमलात आल्या, यात शत्रूच्या कामाचं काय आहे? दारूगोळ्याच्या साठ्यासारखी नाजूक गोष्टसुद्धा संसदेत छापील कागदावर आलेली आहे. जुलै २०१७ मध्ये कॅगचा अहवाल सभागृहात ठेवला गेला. युद्धासाठी ४० दिवस पुरेल इतका साठा हवा आणि काही झालं तरी २० दिवसांच्या खाली जाऊ नये, असं सैन्यानंच ठरवलेलं. प्रत्यक्षात ५५ टक्के प्रकारांचा दारूगोळा त्या किमान पातळीच्याही खाली होता आणि ४० टक्के प्रकार तर दहा दिवसही पुरले नसते. हे आकडे उघड छापता येतात, तर सोनेगावच्या मजुराच्या विम्याचा कागद कोणत्या तिजोरीतला?

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. विचारता येतं, पण विचारण्याची रीत आहे. लोकसभेत खासदाराला किमान पंधरा दिवस आधी प्रश्नाची सूचना द्यावी लागते आणि प्रश्न दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो. तारांकित प्रश्न दिवसाला वीसच लागतात. त्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित २३० लागतात आणि त्यांचं उत्तर लेखी मिळतं. गावाकडच्या माणसाला मी नेहमी अतारांकितच सुचवतो. लेखी उत्तराचा कागद हातात राहतो, गोंधळात सभागृह तहकूब झालं तरी तो बुडत नाही.

प्रश्न लिहून तुम्हीच द्या. खासदाराच्या कार्यालयात नाली, सभामंडप आणि हायमास्टची निवेदनं गठ्ठ्यानं पडलेली असतात. तिथल्या पोराला संरक्षण खात्याचा प्रश्न तयार करायला बसवलं तर तो ‘डेपोच्या समस्यांबाबत’ असं काहीतरी मोघम लिहील आणि उत्तरही तसंच मोघम येईल. त्यापेक्षा असं विचारा: २०१८ च्या स्फोटानंतर मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या कामावर कंत्राटी मजूर लावण्याबाबत कोणते नियम बदलले, कोणत्या तारखेला बदलले, आणि मृतांच्या वारसांना कोणत्या तरतुदीखाली किती रक्कम दिली? तारीख अन् रक्कम मागितली की उत्तर देणाऱ्याला कागद उघडावाच लागतो. आम्ही लेखा कार्यालयात हेच करत होतो. ‘स्थिती कळवा’ असं लिहिलं की ‘स्थिती समाधानकारक’ असं उत्तर ठरलेलं.

‘माहिती गोळा केली जात आहे’ असं उत्तर आलं तर पुष्कळ जण हात झटकतात. तुम्ही झटकू नका. ते वाक्य सभागृहाच्या दप्तरी आश्वासन म्हणून नोंदवलं जातं. सरकारी आश्वासनांसाठी संसदेची वेगळी समिती आहे आणि तीन महिन्यांत पूर्तता झाली नाही तर ती खात्याच्या मागे लागते. ही समिती बहुतेक खासदारांच्याही ध्यानात नसते. शिवाय याचिका समिती आहेच. नागरिकाच्या याचिकेवर एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते, ती मिळवा. ग्रामसभेचा ठराव जोडलात तर उत्तम.

प्रश्न : माझा मुलगा लेहकडे आहे. फोनवर काही सांगत नाही. थंडीच्या बुटांचा, कपड्यांचा तुटवडा असतो असं ऐकते. खरं काय ते सांगा.
– एक आई, बुलडाणा जिल्हा

ताई, तुमच्या मुलाच्या आजच्या बुटांबद्दल मी काही सांगू शकत नाही आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण तुम्ही ऐकलं त्याच्यामागे कागद आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅगचा एक अहवाल संसदेत आला. सियाचिन, लडाखसारख्या उंचावरच्या जवानांचे कपडे, साहित्य, शिधा आणि घरं असा त्याचा विषय, आणि तपासलेला काळ साधारण २०१५ ते २०१८ चा. बर्फातल्या चष्म्यांची टंचाई ६२ ते ९८ टक्के. बहुपयोगी बूट नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात खरेदीच झाले नाहीत, म्हणून जुने बूट पुन्हा वापरात काढले. म्हणजे एक अख्खा हिवाळा.

शिध्याची गोष्ट मला जास्त लागली, कारण ती निव्वळ हिशेबाची आहे. ठरलेला पदार्थ मिळाला नाही तर बदली पदार्थ द्यायचा, पण किमतीला किंमत लावून. बदली पदार्थ महाग असला की तेवढ्याच पैशात तो कमी येतो. पैशाचा मेळ बसतो आणि जवानाच्या पोटात जाणारे उष्मांक मात्र घटतात. कॅगनं ती घट काही बाबतीत ८२ टक्क्यांपर्यंत मोजली. कागदावर एक रुपयाचीही अफरातफर नाही! असा दोष शोधायला तपासनीसाला ताटापर्यंत जावं लागतं, आणि तो गेला, हे विशेष.

पुढे संसदेच्या लोकलेखा समितीनं हा विषय तपासणीला घेतला. तुमच्या खासदाराला एवढंच विचारायला सांगा, की त्या अहवालातल्या शेऱ्यांवर खात्यानं कोणती कार्यवाही कळवली. आणि मुलाला फोनवर बुटांचं विचारू नका. त्याला सांगायची मुभा नसते, उगाच त्याचाही जीव कासावीस होतो.

प्रश्न : संरक्षणाचं बजेट पावणेसात लाख कोटींच्या वर गेलं म्हणतात. मी नोकरीत होतो तेव्हापासून जुन्या सामानावर भागवत आलो. एवढा पैसा जातो कुठं? आणि संसदेत त्यावर कोणी बोलत का नाही?
– निवृत्त हवालदार, चिखली तालुका

हवालदारसाहेब, २०२५-२६ चा अर्थसंकल्पी आकडा ६,८१,२१० कोटींचा आहे. त्यात पेन्शनच १,६०,७९५ कोटी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांचा वाटा जवळपास पावहिश्श्याचा. पगार, शिधा, इंधन, दुरुस्ती, दारूगोळा असला रोजचा खर्च त्याहून कितीतरी मोठा. नव्या तोफा, विमानं, जहाजं ज्यातून यायची ती भांडवली रक्कम १,८०,००० कोटी, म्हणजे २६ टक्क्यांच्या आसपास.

तेवढे तरी नव्या वस्तूंना जातात का? इथंच खरी गोम आहे. कृषी केंद्राची मागच्या हंगामाची उधारी असली की कापसाचा चुकारा हातात पडायच्या आधीच संपलेला असतो, तशातली गत. आधीच्या करारांचे हप्ते पहिले जातात. २०१८ साली संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे लष्कराच्या उपप्रमुखांनी हे स्वतः मांडलं: आधुनिकीकरणासाठी मिळाले २१,३३८ कोटी आणि चालू असलेल्या १२५ योजनांचे देणेच २९,०३३ कोटी. नवीन काही घेणं लांबच राहिलं. त्यांनी असंही सांगितलं की लष्कराकडची ६८ टक्के सामग्री जुन्या पिढीची आहे, २४ टक्के चालू काळातली आणि अत्याधुनिक फक्त ८ टक्के. हे कोणा विरोधी पुढाऱ्याचं भाषण नव्हे. गणवेशातल्या अधिकाऱ्याची साक्ष आहे ती. समितीचे अध्यक्ष होते निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी, तेही सत्ताधारी पक्षाचेच खासदार, आणि त्यांनी ती साक्ष अहवालात जशीच्या तशी छापली. त्याच वर्षी समितीची फेररचना झाली आणि अध्यक्षपदी कलराज मिश्र आले. दोन गोष्टींचा संबंध मी लावत नाही. ज्याचा त्यानं लावावा.

ही समिती ३१ खासदारांची: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. अशा स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. अर्थसंकल्प मांडला की संसदेला मधली सुट्टी लागते. त्या दिवसांत समिती बंद दाराआड सचिवांना आणि सेनाधिकाऱ्यांना बोलावते, प्रश्न विचारते आणि अहवाल सभागृहात ठेवते. दार बंद असल्यामुळे तिथं कॅमेऱ्यासाठी भाषण ठोकायचं कारण उरत नाही. म्हणूनच तिथं बरं काम होतं, असं माझं मत आहे. पण तिला आकडा बदलता येत नाही, फक्त शिफारस करता येते. सरकारनं तीन महिन्यांत ‘कार्यवाही अहवाल’ द्यायचा. त्यात ‘शिफारशीची नोंद घेतली आहे’ असं वाक्य दिसलं की समजा, काही झालेलं नाही.

सभागृहात बोलत का नाहीत, याचं उत्तर सोपं आहे. मोजक्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर दोन-तीन दिवस चर्चा होते, वेळ संपतो, आणि उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एका झटक्यात मताला टाकून मंजूर करतात. याला गिलोटिन म्हणतात. बऱ्याच वर्षी संरक्षणाच्या चारही मागण्या अशाच गेल्या. ग्रामपंचायतीत मुरुमाच्या दोन ट्रॉल्यांवरून सभा उधळते, अन् इथं लाखो कोटी ‘हो’च्या गजरात पार होतात! आणि एक लक्षात घ्या, अमुक तोफ घ्यावी की तमुक, यावर संसद मत देतच नाही. ती निवड संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या खरेदी परिषदेत होते, मोठी प्रकरणं मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीकडे जातात. संसद एकूण रक्कम मंजूर करते आणि झाल्यावर हिशेब विचारते. विचारायचं बळ तिच्याकडे आहे, पण ते सगळं नंतरचं.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. लोकलेखा समिती आणि संयुक्त संसदीय समिती यांत खरेदीची चौकशी कोण चांगली करतं?
– एक विद्यार्थिनी, समुद्रपूर

पोरी, परीक्षेपुरतं आधी: लोकलेखा समिती कायमची, २२ जणांची, लोकसभेचे १५ अन् राज्यसभेचे ७. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा, हा संकेत. ती कॅगच्या अहवालावर काम करते. संयुक्त समिती एखाद्या प्रकरणापुरती बसवतात.

परीक्षेबाहेरचं आता. १९८६ साली बोफोर्स तोफांचा सुमारे १,४३७ कोटींचा करार झाला. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडनच्या रेडिओनं लाचेची बातमी दिली. काँग्रेसचे बी. शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती बसली. विरोधी पक्षांनी तिच्यावर बहिष्कार घातला आणि १९८८ मध्ये अहवाल आला तेव्हा त्यावर सत्ताधाऱ्यांशिवाय फारसं कोणी समाधानी नव्हतं. १९८९ मध्ये कॅगचा अहवाल आला, तेव्हा मात्र लोकसभेतल्या विरोधकांनी सामूहिक राजीनामे दिले. चौकशीत राजकारण जितकं जास्त, तितका हिशेब कमी, हे मी त्यातून घेतो. तू परीक्षेत हे लिहू नकोस, गुण जातील.

त्याचा दुसरा परिणाम मी फॅक्टरीत बसून पाहिला. मोठ्या खरेदीवर सही करायला माणसं घाबरू लागली. १९९९ ला कारगिलमध्ये त्याच तोफा कामी आल्या, पण पुढच्या नव्या मोठ्या तोफेचा, अमेरिकेकडच्या १४५ एम-७७७ तोफांचा, करार २०१६ च्या नोव्हेंबरात झाला. तीस वर्षं! लाच घेणाऱ्यानं देशाचं जेवढं नुकसान केलं, त्याच्या तोडीचं नुकसान त्या भीतीनं केलं असं मला वाटतं, आणि त्याचा शेरा कोणत्याही अहवालात नाही.

प्रश्न : फॅक्टरी आता कंपनी झाली. साहेब लोक म्हणतात आता संसदेचा संबंध नाही. खरं का?
– एक कामगार, चंद्रपूर जिल्हा

अर्धवट खरं म्हणजे खोटंच. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या केल्या. चांदा आणि भंडारा म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या, अंबाझरी यंत्र इंडियाकडे, आणि तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. पण समभाग शंभर टक्के सरकारचे. कॅगचं लेखापरीक्षण चालूच आहे, आणि आता संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीला या कंपन्या तपासता येतात. म्हणजे एक दार बंद झालं असेल, तर दुसरं उघडलं आहे.

फरक पडला तो रोजच्या कागदात. तुम्हाला ठाऊकच आहे, वॉरंटवर ‘अटळ नकार’ म्हणून टक्का ठरवलेला असे, आपण यूएआर म्हणायचो. शंभर गोळ्यांचं काम काढलं तर किती वाया जाणं क्षम्य, ते आधीच लिहिलेलं. त्याच्यावर एकही नग गेला की लॉस स्टेटमेंट, म्हणजे नुकसानीचा तक्ता, करा, कारणं द्या, सह्या घ्या. आमच्याकडे एका लॉटमध्ये नकार हद्दीबाहेर गेला. शेडच्या साहेबांनी ठरलेला टक्काच वाढवून मागितला. म्हणजे यंत्र दुरुस्त न करता पट्टीच लांब करायची! मी फाइलवर लिहिलं, ‘टक्का वाढवण्याचं तांत्रिक कारण नोंदवावं’. महिनाभर चहाला कोणी बोलावलं नाही. पण त्या टक्क्याचा कागद होता म्हणून भांडता तरी आलं. आता तुमच्या कंपनीत तो कागद कोण ठेवतं, कोण तपासतं, हे युनियननं आधी विचारून घ्यावं.

२४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन आठ जण गेले. त्यानंतर सुरक्षा तपासणी कोणत्या संस्थेनं केली, कधी केली आणि कंपनी झाल्यावर सुरक्षेवरचा खर्च वाढला की घटला, हे संसदेत विचारण्याजोगं आहे. उत्पादनाचा आकडा सांगायला कंपनी कचरेल, पण हा खर्च सांगायला तिला अडचण नसावी.

प्रश्न : सैन्यावर असे शेरे मारणं तुम्हाला शोभत नाही. देशाचे जवान सीमेवर उभे आहेत म्हणून तुम्ही गावात बसून लिहून राहिले. खाल्ल्या मिठाला जागा.
– नाव नाही, शिक्का वर्धा

मीठ सरकारचं खाल्लं, आणि त्यासाठी जे काम दिलं होतं तेच अजून करून राहिलो. बर्फातला चष्मा नाही, हे कॅगनं सैन्याविरुद्ध लिहिलं की सैन्यासाठी, हे वरच्या ताईंना विचारा. पुढच्या वेळी नाव घाला, म्हणजे सविस्तर बोलू.

प्रश्न : हे अहवाल गावात बसून वाचायला कुठं मिळतील? मराठीत आहेत का?
– ग्रंथपाल, एक गाव वाचनालय, यवतमाळ जिल्हा

मराठीत नाहीत. लोकसभेची उत्तरं आणि समित्यांचे अहवाल इंग्रजी-हिंदीत असतात आणि संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कॅगचं मात्र सांभाळून. गेल्या काही वर्षांत संरक्षण खात्यावरचे काही अहवाल सभागृहात ठेवले गेले, पण संकेतस्थळावर टाकले नाहीत. २०१९ च्या फेब्रुवारीत आलेल्या राफेलच्या अहवालात तर विमानांच्या किमतीचे आकडेच झाकलेले होते, नुसते टक्के दिले. ३६ विमानांचा सौदा जुन्या देकारापेक्षा २.८६ टक्के स्वस्त पडला म्हणे. टक्का सांगायचा आणि रक्कम झाकायची, असं लॉस स्टेटमेंट माझ्या टेबलावर आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

वाचनालयासाठी एक सुचवतो. संरक्षण समितीचा अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. शेवटी ‘निरीक्षणे व शिफारशी’ हा भाग असतो, तेवढा हिंदीतून छापून घ्या आणि पुढच्या वर्षीच्या कार्यवाही अहवालाशी ओळीला ओळ लावून पाहा. आठवी-नववीच्या पोट्ट्यांनाही जमेल. काही अडलं तर मला लिहा, पण झेरॉक्स पाठवा, मूळ प्रत पाठवू नका. आमच्याकडचा पोस्टमन आठवड्यातून दोनदाच येतो आणि पावसाळ्यात पत्रं ओली होऊन पोचतात.